न बांधलेली भिंत

टेम्पो दोन आले, आणि तेही एकामागोमाग एक. तिथूनच सगळं बिनसलं.

एक येणार हे माईला ठाऊक होतं. आगीनंतर घर दुरुस्त होऊन राहण्याजोगं झालं, तसं नणंदेने जाहीर करून टाकलं होतं की आपला जुना सोफासेट आता दादाच्या घरी जाणार. मरून मखमल, हातांना कोरलेले सिंहाचे पंजे आणि विकत घेतल्या दिवसापासून अंगावर असलेलं प्लास्टिक. नणंदेने एकदा जाहीर केलं की त्या कुटुंबात कुणी हरकत घेत नसे. माईने तर लग्न होऊन आल्यापासून कधीच घेतली नव्हती. पण सोफ्याच्या टेम्पोमागे दुसरा टेम्पो वळला, आणि त्याच्या मागच्या बाजूला सुतार उभा होता, एका पलंगाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून.

माई खिडकीतून बघत होती. पलंगाच्या उशाला तीन आडव्या फळ्या, मधलीवर कोरलेलं एक पान. तिने तो पाहताक्षणी ओळखला, पण तो पलंग तर आगीत जळून गेला होता. त्याचे कोळसे तिने स्वतःच्या हातांनी घमेल्यात भरले होते.

पलंगामागे टेबल होतं. टेबलामागे पुस्तकांचं छोटं कपाट. थोरल्या लेकीची खोली जशीच्या तशी टेम्पोत उभी होती.

ड्रायव्हरशेजारून दादा उतरले. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदाची सुरळी. आग लागली त्या दिवसानंतर ते आज पहिल्यांदा या घरी येत होते, आणि नवऱ्याचा असा चेहरा माईने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. पाठीमागे काहीतरी लपवून आणणाऱ्या माणसाचा असतो, तसा.

"अगोबाई," माईच्या मागे उभी असलेली तिची धाकटी जाऊ पुटपुटली. "आजच आणलं का त्यांनी?"

माई गर्रकन वळली. "तुला ठाऊक होतं?"

जाऊने ओठ चावला. "सुतार आमच्याच घरी यायचा, माई. तू दुकानात गेलीस की यायचा. दादांनी शपथच घातली होती सगळ्यांना. म्हणाले, तिला आयतं दाखवायचंय. मला तरी काय ठाऊक, तू इकडे हे असं..." तिने हाताने समोरच्या मोकळ्या जागेकडे दाखवलं आणि वाक्य अर्धंच सोडलं.

त्या मोकळ्या जागेतच माईचं गुपित होतं. दादांनी खोलीचं सगळं सामान करून आणलं होतं, आणि ते ठेवायला खोलीच नव्हती.

थोरली गेली तेव्हा नुकती कॉलेजात जाऊ लागली होती. साधा ताप म्हणता म्हणता होत्याचं नव्हतं झालं. दादांनी त्यानंतर तिच्या खोलीला कुलूप वगैरे लावलं नाही. पण जमिनी मोजण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस, त्याने त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूची जागा मनात पक्की केली आणि तिथून ती हलू दिली नाही. टेबलावरचं पुस्तक त्याच पानावर उघडं. खुर्ची जराशी तिरकी, ती उठून गेली तशी. माई रोज धूळ पुसायची. वस्तू उचलायची, पुसायची आणि अचूक होती तिथे ठेवायची. हळूहळू ते वळण खोलीच्या बाहेर आलं. पडदे विरले की त्याच कापडाचे दुसरे. भिंतींना रंग तोच, फिका पिवळा. हॉलमधलं घड्याळ बंद पडलं, तर तसंच दुसरं मिळेपर्यंत दादांनी खिळा रिकामा ठेवला. त्या घरात काही बदलायचं म्हणजे ती गेली हे कबूल करायचं, आणि ते करायला दोघांपैकी कुणीच पुढे होत नव्हतं.

मग एका दुपारी, घरात कुणी नसताना, मीटरच्या फळीत ठिणगी उडाली. माणूस कुणी दगावलं नाही. बाकी काही उरलं नाही.

दादा रडले नाहीत, पण त्यानंतर ते बोललेही नाहीत. मुक्काम धाकट्या भावाकडे, नानांकडे हलला, आणि तिथल्या मागच्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जळालेल्या घराचं कुणीतरी बघायला हवं होतं, म्हणून माई बघू लागली.

पहिल्याच दिवशी त्या काळ्या भिंतींमध्ये, ओल्या राखेच्या वासात उभी असताना, तिला छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. इतकं स्पष्ट, की ती घाबरली. पोटच्या पोरीची शेवटची वस्तूही गेली आणि आपल्याला हलकं वाटतंय? हे तिने कुणालाही सांगितलं नाही. जाऊलासुद्धा नाही, जिच्यापाशी तिचं सगळं मोकळं होत असे.

रंगाऱ्याने विचारलं, "कुठला रंग लावायचा, माई?"

"होता तोच. पिवळा."

"होता तो मी कुठे पाहिलाय?" रंगारी म्हणाला. "मी आलो तेव्हा सगळं काळंच होतं." त्याने नमुन्याचे चार-पाच चौकोन भिंतीवर ओढले आणि जेवायला निघून गेला.

माई एका उपड्या डब्यावर बसून राहिली. दुपार कलली तसं ऊन भिंतीवरून सरकू लागलं. त्यातला एक चौकोन विटेपेक्षा गडद आणि मातीपेक्षा लाल, असा काहीतरी मधला होता. ऊन त्याच्यावर आलं आणि तो जिवंत झाल्यासारखा दिसला. शेजारचा पिवळा त्याच उन्हात आजारी दिसत होता. इतकी वर्षं आपण या आजारी रंगात राहत होतो, असं तिच्या मनात आलं, आणि ती रंगारी परत येईपर्यंत तिथून हलली नाही.

माई चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत कुठली फ्रेम त्या चेहऱ्याला खुलेल हे तिला कळलेलं असे. मालक सगळी अवघड गिऱ्हाइकं तिच्याकडेच धाडायचा. पण स्वतःच्या घराकडे त्या नजरेने बघता येतं हे तिला कधी सुचलंच नव्हतं. आता सुचलं आणि मग थांबेना. दुकान सुटलं की ती जुन्या सामानाच्या बाजारात जायची, काही न घेता नुसता लाकडावरून हात फिरवत हिंडायची. काय आवडतं ते चटकन सांगता येईना, काय सोसवत नाही ते मात्र येऊ लागलं. छताचा पांढराफटक ट्यूबलाइट सोसवत नव्हता. कोरीवकाम सोसवत नव्हतं. काचेच्या कपाटात कोंडलेल्या वस्तू सोसवत नव्हत्या. एकेक करत ते सगळं बाजूला काढल्यावर जे उरलं ते तिचं होतं. बाजूने येणारा उजेड, जाड खरबरीत कापड, बुटकं साधं सामान, आणि मोकळी जागा. जाऊ एकदा वैतागून म्हणाली होती, "अगं, पण ठेवणार काय आहेस इथे?" माई म्हणाली होती, "काही नाही. तेच तर."

आणि गवंडी एक दिवस म्हणाला, हॉल आणि मागच्या खोलीमधली भिंत तडकलीय, नुसती आडभिंत आहे, भार काही नाही तिच्यावर, उतरवतो आणि नवी बांधतो. थोरलीच्या खोलीची ती भिंत उतरली. मागच्या खिडकीतलं ऊन कधी नव्हे ते थेट पुढच्या दारापर्यंत आलं. दुसऱ्या दिवशी गवंड्याने विटा आणल्या, दोरी हातात घेतली आणि विचारलं, "तिथेच बांधायची ना?"

"नको," माई म्हणाली.

तिने ठरवून म्हटलं नव्हतं. शब्द तोंडून निघाला, आणि कानावर पडल्यावर तिला कळलं की आपल्याला हेच म्हणायचं होतं. संध्याकाळी दादांना सांगायचं असं तिने ठरवलं. दुसऱ्या संध्याकाळीही ठरवलं. मग ठरवायचं सोडून दिलं.

आता दादा दारात उभे होते.

"तू जरा बाहेर थांब," ते मऊ आवाजात म्हणाले. "सामान लावून होऊ दे. मग बोलावतो."

"अहो, आत येण्याआधी मला काहीतरी सांगायचंय."

"नंतर सांग. तू थांब तर खरी."

ते आत आले. त्यांच्यामागून नानांच्या हाताला धरून सासूबाई, त्यांच्यामागून नणंद, आणि सगळ्यात शेवटी धाकटी लेक. धाकटी परगावच्या एका इस्पितळात काम करायची, रुग्णांकडून व्यायाम करून घ्यायची. ती पहाटेच्या बसने आली होती आणि बॅग अजून तिच्या खांद्यावरच होती.

दादा सुरळी काखेत मारून सरळ चालत गेले, हॉलच्या त्या टोकापर्यंत. तिथे त्यांचा हात आपोआप पुढे आला, कडीच्या उंचीवर. तिथे कडी नव्हती. दार नव्हतं. हात तसाच हवेत राहिला. समोर खिडकी होती, तिच्याखाली लांब बुटका बाक, मातीच्या रंगाची भिंत आणि खूप ऊन.

"खोली कुठे आहे?" त्यांनी विचारलं. रस्ता चुकलेला माणूस पत्ता विचारतो, तसं.

"भिंत बांधली नाही," माई म्हणाली. "मीच नको म्हटलं."

"नको म्हटलंस?" नणंद पुढे झाली. "कुणाला विचारून? लेकीची खोली ती! आईच्या हातून असं होतं तरी कसं?"

"खोली आगीत गेली, वन्सं."

"आगीत सामान गेलं. भिंत तू घालवलीस."

ते खरंच होतं.

"वहिनी, निदान माझ्या कानावर तरी घालायचं," नाना म्हणाले. नाना कधी आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच त्यांचं बोलणं अधिक लागायचं. "गेले दोन महिने दादा त्या खोलीचा नकाशा काढत बसलाय. टेबलाचा खण केवढा खोल होता हे आठवायला त्याने आठवडा घातला. त्या नादाने तर तो अंथरुणातून उठला. दाढी करायला लागला. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. का ते कुणी मला सांगितलं नाही."

"तुला आनंद व्हावा म्हणून नाही सांगितलं!"

"आणि मी इथे येऊन उठून उभी राहत होते, भावजी," माई म्हणाली. "रोज या घरात यायचं म्हणून मी सकाळी डोळे उघडत होते. ते कुणाला दिसलं?"

जाऊने मान खाली घातली. नवऱ्याची बाजू घ्यावी की माईची, हे तिला कळत नव्हतं. सुताराला चहा करून दिला होता तिनेच, आणि पडद्याचं कापड निवडायला माईबरोबर गेली होती तीही तीच.

"मला आधी कुणीतरी बसायला द्या," सासूबाई म्हणाल्या. जाऊने त्यांना खिडकीखालच्या बाकावर नेऊन बसवलं. त्यांनी पाय सरळ केले. ऊन त्यांच्या गुडघ्यांवर पडलं. त्या बोलल्या त्या कुणाकडेच न बघता. "मला ती खोली कधी बघवली नाही. दार लावलेलं असलं तरी मी त्या बाजूने जात नसे. न्हाणीघरात जायचं तरी स्वयंपाकघरातून वळसा घालून जायची. इतकी वर्षं. कुणाच्या लक्षात आलं नाही."

"आई, तू आता हिची बाजू घेऊ नकोस," नणंद म्हणाली.

"मी कुणाची बाजू घेत नाही. भिंत पाडायची तर घरच्या माणसाला सांगून पाडतात. हे तुझं चुकलंच, माई." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

दादा अजून तिथेच उभे होते. हात खाली आला होता एवढंच. माईने धाकटीकडे पाहिलं. या सगळ्यांत एक तरी माणूस आपल्या बाजूचं असेल, असा तिचा भरवसा होता. लहान पोर. त्या बंद खोलीच्या सावलीत वाढलेली. तिला तरी हे घर आवडेल.

"तू सांग गं," ती म्हणाली. "तुला काय वाटतं?"

"मला?" धाकटी म्हणाली. "मला कधीपासून विचारायला लागलात?"

तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"मला हवी होती ती खोली," ती म्हणाली. "ताई गेली तेव्हापासून मी हॉलमध्ये झोपले. सगळ्यांचं बघून झालं, टीव्ही बंद झाला, की दिवाणावर गादी टाकायची. सकाळी कुणी यायच्या आत गुंडाळायची. सगळा अभ्यास स्वयंपाकघरात, भांड्यांच्या आवाजात. आणि या बाजूला एक पलंग रिकामा, एक टेबल रिकामं. मी वाट बघायचे, आई. कुणीतरी एक दिवस म्हणेल, जा, तिथे झोप. तू म्हणाली नाहीस. बाबा म्हणाले नाहीत. मग मी नोकरीच लांबची शोधली. आणि आता ती खोली मोडून टाकल्यावर विचारतेस, काय वाटतं? मोडण्याआधी एकदा विचारायचं होतं, तुला हवीय का म्हणून."

दिवाण माईला आठवत होता. रोज सकाळी त्यावरची चादर तीच झटकायची. त्यावर झोपणारी मुलगी तिला कधी दिसली नव्हती.

"ताई," दारातून सोफ्याच्या टेम्पोवाल्याने डोकं आत घातलं, "सोफा कुठे उतरवू? मला दुसरी खेप आहे."

"थांबा हो जरा!" नणंद त्याच्यावर खेकसली.

दादा वळले. ते धाकटीकडे असं बघत होते, जणू ती आत्ताच घरात आलीय. "तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"बोलले असते तर काय म्हणाला असतात, बाबा?"

दादांनी काखेतली सुरळी काढून बाकाच्या कडेला ठेवली, अगदी सावकाश, आणि दाराकडे निघाले. "नाना, चल. मला घरी जायचंय."

"आणि हे सामान?"

"ठेवा कुठेही."

नाना त्यांच्यामागून धावले. नणंद डोळे पुसत माईसमोर उभी राहिली. "झालं तुझं समाधान? आता हा सोफा तरी नीट उतरवून घे."

"वन्सं," माई म्हणाली, "सोफा नको."

"नको?" नणंदेला क्षणभर कळलंच नाही. "अगं, नवाकोरा आहे. प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही अजून."

"म्हणूनच नको. तुमची माया कळते मला. पण सोफा नको."

जाऊने तोंडावर हात धरला. ते रडू होतं की हसू, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नणंद टेम्पोवाल्याला हाक मारत बाहेर गेली, आणि सिंहाचे पंजे आले तसे परत निघाले. सुताराने पलंग, टेबल आणि कपाट बाहेरच्या ओट्यावर उतरवून ठेवलं. सासूबाई मात्र हलेनात. "बसू दे गं मला थोडं," त्या जाऊला म्हणाल्या. "ऊन बरं वाटतंय." बाकावरून ऊन सरकल्यावरच त्या उठल्या. जाताना त्यांनी माईच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. जाऊ त्यांना घेऊन गेली.

घरात दोघीच उरल्या. माईने चहा केला. धाकटीने तो उभ्यानेच प्यायला, खिडकीतून बाहेर बघत. मग भिंतीकडे वळून तिने विचारलं, "हा रंग कुणी निवडला?"

"मी."

"तू?"

"हो."

"मला वाटायचं तुला पिवळा आवडतो."

"मलाही वाटायचं," माई म्हणाली.

धाकटीच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण ती हसली नाही. माई तिच्याजवळ गेली. "मला तू दिसली नाहीस. त्याला काही कारण नाही, सबब नाही. दिसली नाहीस, एवढंच. तू म्हणशील तर मी भिंत पुन्हा बांधून घेते. गवंडी अजून पलीकडच्या गल्लीत काम करतोय. उद्याच सांगते."

तिने हे मनापासून म्हटलं होतं. म्हणताना तिला ते ऊन डोळ्यासमोर अर्ध्यात तुटलेलं दिसलं, तरीही म्हटलं होतं.

धाकटीने कप ठेवला. ती मागच्या बाजूला गेली, खिडकीपाशी, आणि वळून दारापर्यंतच्या सगळ्या लांबीकडे पाहिलं. "नको," ती म्हणाली. "आता काय करू मी खोली घेऊन? ती तेव्हा हवी होती." आणि पुढे म्हणाली, "खरं सांगू? दारातून आत आले ना, तेव्हा मला आवडलं होतं हे. पहिल्यांदा या घरात श्वास पुरा आला. आणि मला त्याचाच राग आला. तुला हे सगळं करता येत होतं, तर आधी का नाही केलंस?"

"येत होतं हे ठाऊक नव्हतं गं."

धाकटी दाराशी गेली. ओट्याकडे बघत ती म्हणाली, "तो पलंग ओट्यावर किती वेळ ठेवायचा? आत घेऊ या."

दोघींनी मिळून पलंग उचलला. जड होता. दारात अडला, तिरका केला, पुन्हा अडला, धाकटीचं बोट चेंगरलं आणि तिने एक शिवी हासडली, जी आईसमोर तिने आजवर कधी दिली नव्हती. पलंग मागच्या खिडकीशी लागला. माईने स्वतः विकत आणलेलं जाड कापड त्यावर पसरलं. धाकटी टेकली, मग आडवी झाली. "पहाटेपासून प्रवास चाललाय," ती म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला झोप लागली.

दिवस मावळायला आला तेव्हा दादा परत आले. एकटे, पायी. माई स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्या पलंगावर, त्या कोरलेल्या पानाखाली, एक मुलगी झोपली होती. त्यांना क्षणभर काय दिसलं हे माईला बरोबर कळलं. तिने घाईने दिवा लावला.

थोरली कुशीवर, मुटकुळं करून झोपायची. ही पालथी पडली होती, हातपाय पसरून, एक पाय पलंगाबाहेर लोंबकळत.

"ही अशी झोपते?" दादांनी हळू आवाजात विचारलं.

"पहिल्यापासून."

"मी कधी पाहिलंच नाही." ते जवळ आले. खाली वाकून त्यांनी तो लोंबकळणारा पाय अलगद उचलून पलंगावर ठेवला. धाकटी झोपेतच काहीतरी पुटपुटली आणि पाय पुन्हा बाहेर आला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"सुताराने पान जरा मोठं कोरलं," ते म्हणाले. "तिचं लहान होतं. टेबलही पाहिलं मी टेम्पोत. सगळी मापं बरोबर आहेत. तरी ते तिचं नाही. नव्या पॉलिशचा वास येतोय त्याला."

माईने पलंगावरच्या कापडाची सरकलेली कड सारखी केली.

"मला हे घर ओळखू येत नाही."

"माहीत आहे मला."

"इथे मला ती कुठेच सापडत नाही."

माईने दिव्याची मान जरा वळवली, उजेड धाकटीच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. "मला तिथेही सापडत नव्हती हो," ती म्हणाली. "रोज पुसत होते, रोज जागच्या जागी ठेवत होते. एकदाही सापडली नाही."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हे वाक्य त्या दोघांमध्ये कुणी उच्चारलं नव्हतं. बाहेरून एक सायकल घंटा वाजवत गेली. दादांचे खांदे हलू लागले, आणि जे आगीच्या दिवशी झालं नव्हतं, त्याच्याही किती तरी आधी व्हायला हवं होतं, ते आता झालं. माई त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली. धाकटी उठू नये म्हणून ते आवाज दाबून रडत होते.

शांत झाल्यावर त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि इकडेतिकडे पाहिलं. "बसायला काही ठेवलं नाहीस का या घरात?"

"बाक आहे की. आणि स्वयंपाकघरात एक जुनी वेताची खुर्ची आहे. तुमच्यासाठीच आणलीय, पण तिची जागा काही ठरेना."

ते हॉलभर चालले. थांबले, मागे वळले, पुन्हा दोन पावलं टाकली. घराच्या ऐन मध्यावर ते उभे राहिले. तिथे पूर्वी भिंत होती आणि आता ऊन आडकाठीशिवाय दारापर्यंत धावत होतं. सबंध घरात माईची सगळ्यात लाडकी अशी तीच जागा होती. तिथे काहीही ठेवायचं नाही, हे तिने सगळ्यात आधी ठरवलं होतं.

"इथे ठेव," दादा म्हणाले.

"तिथे?"

"हो. इथून खिडकी दिसते. आणि ही पण दिसते." त्यांनी झोपलेल्या धाकटीकडे बोट केलं. "का? बरं नाही दिसणार?"

बरं दिसणार नव्हतं. नजर तिथेच अडणार होती. रोज सकाळचं ऊन त्या खुर्चीच्या पाठीवर आपटून मोडणार होतं.

"दिसेल," माई म्हणाली, आणि खुर्ची आणायला आत गेली.